मथळ्याची विक्री : वृत्तपत्रविषयक गुन्हेपट आणि स्थानिक चित्रगृहांतील प्रसिद्धी

प्रस्तावना :

वृत्तपत्रसृष्टीवरील अमेरिकी चित्रपटांची समीक्षा आजवर विपुल झाली आहे. तथापि या समीक्षेचा रोख बहुतांशी पडद्यावरील कृतीवर राहिला. संपादकाची नीतिमत्ता, बातमीदाराची जिद्द, मालकाचा लोभ आणि गुन्ह्याच्या बातमीवर पोसला जाणारा खप हे तिचे ठरलेले विषय होत. परंतु एखाद्या मध्यम शहरातील प्रेक्षकाला हा चित्रपट प्रथम भेटत असे तो पडद्यावर नव्हे. तो भेटे त्याच्याच गावच्या दैनिकातील दोन स्तंभी जाहिरातीत, चौकात हाती दिलेल्या हँडबिलात आणि चित्रगृहाच्या दर्शनी भागात टांगलेल्या मोठ्या अक्षरांतील मथळ्यांत. ज्या चित्रपटाचा विषयच मथळ्यांचा बाजार हा आहे, तो चित्रपट मथळ्यांच्याच बाजारात कसा विकला गेला, हा प्रश्न त्यामुळे केवळ जाहिरातशास्त्राचा उरत नाही. चित्रपटाच्या अर्थाशी त्याचा थेट संबंध येतो. प्रस्तुत लेखात १९३१ ते १९५२ या काळातील काही निवडक चित्रपटांच्या आधारे, आणि विशेषतः 'स्कँडल शीट' (१९५२) व 'एस इन द होल' (१९५१) या दोन कृतींच्या संदर्भात, या संबंधाचा विचार केला आहे.

प्रसिद्धीची यंत्रणा :

हॉलिवूडमधील निर्मितीसंस्था प्रत्येक चित्रपटासोबत चित्रगृहचालकांसाठी एक मोठ्या आकाराची पुस्तिका काढीत. तिला प्रेसबुक म्हणत. त्यात तयार बातम्या, नटनट्यांविषयीचे लेख, इतकेच नव्हे तर तयार परीक्षणेही छापलेली असत. चित्रगृहाचे नाव आणि खेळाची तारीख यांसाठी तेवढी जागा मोकळी सोडलेली असे. जाहिरातींचे नमुने एक स्तंभापासून अनेक स्तंभांपर्यंतच्या मापांत दिलेले असत आणि त्यांचे कागदी साचे, ज्यांना छपाईच्या व्यवसायात मॅट म्हणत, अल्प किमतीत मागविता येत. स्थानिक वृत्तपत्राच्या छापखान्यात या साच्यात धातू ओतून जाहिरातीचा ठसा तयार होई. आपल्याकडील जुन्या छापखान्यांत ब्लॉक जे काम करी, तेच काम येथे दूरच्या शहरातून टपालाने आलेला एक जाड कागद करीत असे.

या तांत्रिक तपशिलाचे महत्त्व समीक्षकांनी पुरेसे ओळखलेले दिसत नाही. ज्या छापखान्यात गावातील चोरीची आणि अपघाताची बातमी जुळवली जाई, त्याच छापखान्यात, त्याच शाईने आणि त्याच कागदावर चित्रपटातील काल्पनिक खुनाचा मथळाही उमटत असे. मनुष्यबळ तोकडे असलेली छोटी दैनिके प्रेसबुकमधील मजकूर काटछाट न करताच छापीत. अशा वेळी वृत्तपत्रविषयक चित्रपटाचे परीक्षण वृत्तपत्राने लिहिलेलेच नसे. ते चित्रपटसंस्थेने लिहिलेले आणि वृत्तपत्राने आपले म्हणून छापलेले असे. बातमीच्या सत्यतेविषयी तळमळीने बोलणाऱ्या चित्रपटाला ही गोष्ट शोभणारी होती असे म्हणता येत नाही.

१९४८ नंतर या यंत्रणेवरील भार वाढला. त्या वर्षीच्या पॅरामाउंट खटल्याच्या निकालाने चित्रपटांचे गठ्ठे एकत्रित माथी मारण्याची पद्धत बेकायदा ठरली आणि प्रत्येक चित्रपट स्वतंत्रपणे विकणे क्रमप्राप्त झाले. १९४६ हे अमेरिकी चित्रगृहांच्या प्रेक्षकसंख्येचे शिखर मानले जाते. त्यानंतर ती उतरत गेली आणि दूरचित्रवाणीने उतार अधिक तीव्र केला. व्यवस्थापकाच्या कल्पकतेला त्यामुळे पूर्वी नव्हती एवढी किंमत आली. 'मोशन पिक्चर हेरल्ड' या व्यावसायिक साप्ताहिकात व्यवस्थापकांच्या युक्त्यांसाठी स्वतंत्र विभागच चालविला जाई आणि उत्तम मोहिमांना पारितोषिकेही दिली जात.

खोटे वृत्तपत्र :

वृत्तपत्रविषयक चित्रपट हा अशा व्यवस्थापकाला पर्वणीच वाटावा असा प्रकार होता, कारण प्रसिद्धीचे साधन आणि चित्रपटाचा विषय येथे एकच होते. सर्वांत रूढ युक्ती म्हणजे वृत्तपत्राच्या आकाराचे हँडबिल. दैनिकासारखेच नाव, तारीख, आठ स्तंभी मथळा, खाली खुनाचे वृत्त आणि मध्ये चित्रपटातील दृश्यांची छायाचित्रे. ते घडी घालून वाटले की पाहणाऱ्याला क्षणभर खराच जादा अंक हाती आल्याचा भास व्हावा. मागील पान गावातील दुकानदारांना जाहिरातींसाठी विकून छपाईचा खर्च भागविला जाई. वृत्तपत्राचे अर्थकारण असे लघुरूपात येथेही हजर होते. याखेरीज पेपर टाकणाऱ्या मुलांना मोफत खेळ दाखवून त्यांच्याकडून चौकाचौकांत आरोळ्या देवविणे, छोट्या जाहिरातींच्या स्तंभांत वाचकांची नावे लपवून ती शोधणाऱ्यास तिकिटे देणे, गावच्या संपादकाला आणि पोलीसप्रमुखाला आधी खेळ दाखवून त्यांचे अभिप्राय छापणे असे प्रकार सर्रास चालत.

या खोट्या अंकाला एक पूर्वेतिहास आहे आणि तो चित्रपटांइतकाच वृत्तपत्रांचा आहे. न्यूयॉर्कमध्ये १९२४ ते १९३२ या काळात निघालेल्या 'ईव्हनिंग ग्राफिक' या सायंदैनिकाने ज्या प्रसंगांचे छायाचित्र मिळणे अशक्य, ते प्रसंग नटांकरवी उभे करून, त्यांवर खऱ्या व्यक्तींचे चेहरे चिकटवून छापण्याची पद्धत रुळविली. तिला 'कंपोझोग्राफ' असे भारदस्त नाव देण्यात आले होते. पुढे 'ग्राफिक'च्याच दोन माणसांनी वृत्तपत्रांवरील चित्रपटांना कथावस्तू पुरविली. त्यांपैकी लुई वाइट्झेनकॉर्न हा या पत्राचा संपादक राहिलेला. त्याच्या नाटकावरून मर्विन लरॉय याने 'फाइव्ह स्टार फायनल' (१९३१) काढला. दुसरा सॅम्युअल फुलर. तो विशीच्या आतच तेथे गुन्हे-बातमीदार होता आणि त्याच्या 'द डार्क पेज' (१९४४) या कादंबरीवरून फिल कार्लसन याने 'स्कँडल शीट' काढला. नटांची छायाचित्रे आणि बनावट मथळे यांचा मेळ घालणारे चित्रगृहाचे हँडबिल हे वस्तुतः कंपोझोग्राफचेच उशिरा जन्मलेले अपत्य होय. फरक इतकाच की, हँडबिल पाहणाऱ्याला लबाडी ठाऊक असे आणि तीत त्याला गंमतही वाटत असे.

गावचे वृत्तपत्र आणि गावचे चित्रगृह :

ही गंमत निरुपद्रवी होती असे मानण्यापूर्वी गावातील सत्तासंबंध ध्यानात घ्यावयास हवा. चित्रगृहाला वृत्तपत्रावाचून गत्यंतर नव्हते. खेळाची वेळ, चित्रपटाचे नाव आणि त्याविषयीची चर्चा ही सारी तेथूनच घरोघर पोहोचे. वृत्तपत्राची नाराजी किती महाग पडते याचे ढळढळीत उदाहरण १९४१ साली दिसले. 'सिटिझन केन'मध्ये आपले चित्र रेखाटले गेल्याचा राग येऊन हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनी त्या चित्रपटाचा नामोल्लेख आणि जाहिराती दोन्ही बंद केल्या आणि अनेक मोठ्या चित्रगृह-साखळ्यांनी तो लावण्यास टाळाटाळ केली. 'सिटिझन केन' हा गुन्हेपट नव्हे. परंतु वृत्तपत्रावरील चित्रपट लावणाऱ्या प्रत्येक व्यवस्थापकासाठी तो एक धडा होता.

म्हणून स्थानिक प्रसिद्धीला एक अवघड कसरत करावी लागे. चित्रपटातील दैनिक जितके अधम, तितका खेळ आकर्षक. पण गावच्या दैनिकाला त्यात स्वतःचा चेहरा दिसता कामा नये. यावर शोधलेला तोडगा साधा होता. गावच्या दैनिकालाच मोहिमेत सामील करून घ्यावयाचे. संपादकाचा अभिप्राय छापावयाचा, त्याच्या छापखान्याची छायाचित्रे लॉबीत लावावयाची, शाळेतील मुलांसाठी वृत्तपत्राच्या महत्तेवर निबंधस्पर्धा जाहीर करावयाची. पडद्यावरचे दैनिक महानगरातले आणि नासलेले, आपले दैनिक मात्र सज्जन, अशी ही विभागणी होती. फ्रेंच समीक्षक जेरार जनेत याने १९८७ साली ग्रंथाभोवतीच्या मजकुराला, म्हणजे मुखपृष्ठ, प्रस्तावना, जाहिराती इत्यादींना, उंबरठ्याची उपमा दिली. ती चित्रपटाच्या प्रसिद्धीलाही लावली जाते. मात्र हा उंबरठा मूळ कृतीच्या कर्त्याने वा त्याच्या सहकाऱ्यांनी, त्याच्या हेतूला धरून बांधलेला असतो, असे त्या उपमेत गृहीत आहे. गावच्या चित्रगृहाचा उंबरठा दुसऱ्याच कोणीतरी, दुसऱ्याच भीतीपोटी बांधलेला असे.

चार चित्रपट, चार सोयी :

कोणता चित्रपट या कसरतीला किती अनुकूल होता, हे पाहिले असता एक लक्षणीय गोष्ट आढळते. प्रसिद्धीची सुलभता आणि चित्रपटाचा वाचकवर्गाविषयीचा दृष्टिकोन या दोहोंत निकटचा संबंध आहे.

हेन्री हॅथवे याचा 'कॉल नॉर्थसाइड ७७७' (१९४८) या दृष्टीने सर्वांत निर्धोक. शिकागोत १९३२ साली झालेल्या एका पोलिसाच्या खुनाबद्दल नव्याण्णव वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या जो मायचेक याच्या आईने फरशा पुसून साठविलेले पाच हजार डॉलर बक्षीस म्हणून देऊ करणारी छोटी जाहिरात १९४४ साली 'शिकागो टाइम्स'मध्ये दिली. बातमीदारांनी तिचा मागोवा घेतला आणि १९४५ साली मायचेक सुटला. हा इतिहास चित्रपटाच्या मुळाशी आहे. चित्रपटाचे नाव हीच एक जाहिरात असल्यामुळे प्रसिद्धीला वेगळे काही शोधण्याची गरज नव्हती. येथे वृत्तपत्र तारणहार आहे आणि वाचक त्याचा कृतज्ञ लाभार्थी.

रिचर्ड ब्रुक्स याचा 'डेडलाइन यू.एस.ए.' (१९५२) याच वाटेने जातो. बंद पडू घातलेल्या प्रतिष्ठित दैनिकाचा संपादक अखेरच्या दिवसांत एका गुंडाला उघडे पाडतो. शेवटी छपाईयंत्राची घरघर गुंडाला दूरध्वनीवरून ऐकविली जाते. खून झालेल्या मुलीची वृद्ध आई पुरावा घेऊन पोलिसांकडे न जाता वृत्तपत्राकडे येते, कारण परक्या देशात तिने याच वृत्तपत्रावरून इंग्रजी शिकलेले असते. असा चित्रपट गावच्या संपादकाला दाखविण्यात कसलाच धोका नव्हता. गंभीर वृत्तपत्राचा गौरव करणाऱ्या या चित्रपटाची छपाईयंत्रांची दृश्ये मात्र 'न्यूयॉर्क डेली न्यूज' या सर्वाधिक खपाच्या टॅब्लॉइडच्या यंत्रशाळेत चित्रित झाली, हा तपशील बोलका आहे. हम्फ्री बोगार्टच्या अभिनयामुळे चित्रपट आजही पाहवतो. परंतु त्याने वृत्तपत्राला विचारलेला एकही प्रश्न वृत्तपत्राला अडचणीत टाकत नाही.

'स्कँडल शीट'ची गोष्ट निराळी आहे. मार्क चॅपमन (ब्रॉडरिक क्रॉफर्ड) या संपादकाने एका जुन्या दैनिकाचे रूपांतर रक्तरंजित मथळ्यांच्या पत्रात केले आहे. संपादकीय कक्षाच्या भिंतीवर घड्याळासारखी एक मोठी तबकडी आहे. ती वेळ दाखवीत नाही, खप दाखविते. साडेसात लाखांचा टप्पा गाठला की संपादकाला मोठा लाभ व्हावयाचा आहे. एकाकी जिवांना विवाहासाठी एकत्र आणणारा नृत्यसमारंभ हा दैनिकाने खपासाठी योजलेला देखावा, आणि तेथेच चॅपमनला त्याने वीस वर्षांपूर्वी टाकलेली पत्नी भेटते. तिच्या खोलीवर झालेल्या झटापटीत ती मरते. त्यानेच घडविलेला तरुण बातमीदार (जॉन डेरेक) या खुनाची बातमी लावून धरतो आणि खप वाढत असल्यामुळे संपादकाला ती थांबवता येत नाही. स्वतःच्या फासाची दोरी स्वतःच्याच पहिल्या पानावर रोज थोडी थोडी विणली जाताना पाहणारा हा संपादक, ही रचना असामान्य आहे. बर्नेट गफी याच्या छायालेखनातील अंधार तिला साजेसाच आहे.

या चित्रपटात गुन्ह्याचा उगमच एका प्रसिद्धीच्या युक्तीत आहे, हे विसरता येत नाही. नृत्यसमारंभ भरविणारे दैनिक आणि खोटा अंक वाटणारे चित्रगृह यांच्या हेतूंत जातिभेद नाही. दोघांनाही एक तबकडी पुढे सरकवायची आहे. मग हा चित्रपट त्याच युक्त्यांनी, कोणतीही अडचण न येता विकण्याजोगा कसा ठरला? याचे उत्तर चित्रपटाच्या कथारचनेत शोधावे लागते. सारा दोष अखेरीस एका माणसावर, त्याच्या भूतकाळावर आणि त्याच्या हातून घडलेल्या हत्येवर टाकला जातो. चॅपमन मरतो आणि त्याबरोबर हिशेब पुरा होतो. ती साडेसात लाख माणसे कोण, ती रोज सकाळी हा मजकूर का विकत घेतात, हा प्रश्न तबकडीवर दिसतो पण संवादांत येत नाही. कादंबरीकार फुलरला तो ठाऊक होता असे मानण्यास जागा आहे. चित्रपटाने तो सूचित केला आणि सोडून दिला. नेमक्या या सोडलेल्या जागेतच चित्रगृहाचे हँडबिल निश्चिंतपणे बसू शकले. चित्रपट चांगला आहे याविषयी दुमत नसावे. मात्र त्याच्या सुखरूप विक्रीचे कारण आणि त्याच्या कलात्मक मर्यादेचे कारण एकच आहे.

बिली वाइल्डर याच्या 'एस इन द होल'ने ही जागा मोकळी सोडली नाही. न्यू मेक्सिकोतील आडगावी नोकरी धरलेला चक टेटम (कर्क डग्लस) गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका शेरिफच्या संगनमताने मुद्दाम लांबवितो, कारण बातमी जितकी लांबेल तितकी ती मोठी होईल. कायद्याच्या भाषेत सौम्य, पण परिणामात हा खूनच. परंतु वाइल्डरचा कॅमेरा टेटमवर थांबत नाही. डोंगराच्या पायथ्याशी गर्दी जमते, पाळणे आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या येतात, गाणे रचले जाते. आत येण्याचे शुल्क आधी काहीच नसते, मग ते पंचवीस सेंट, पन्नास सेंट आणि अखेर एक डॉलर होते. तिकीट काढून चित्रगृहात बसलेल्या प्रेक्षकासमोर तिकीट काढून दुःख पाहणारा प्रेक्षक उभा केला जातो. येथे 'ते दैनिक महानगरातले, आपले नव्हे' ही पळवाट बंद होते, कारण आरोपी प्रेक्षकच आहे.

असा चित्रपट गावात कसा विकावा? पॅरामाउंटला सुचलेला मार्ग पुरेसा सूचक आहे. दिग्दर्शकाची संमती न घेता चित्रपटाचे नाव बदलून 'द बिग कार्निव्हल' असे ठेवण्यात आले. चित्रपटाने ज्या जत्रेची किळस यावी म्हणून ती रंगविली, तीच जत्रा दाराबाहेर आमिष म्हणून लावली गेली. चित्रपट अमेरिकेत चालला नाही आणि तेथील वृत्तपत्रीय परीक्षकांपैकी अनेकांना तो वृत्तव्यवसायावरील अन्याय वाटला. व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला ही वेगळी गोष्ट. परीक्षकांचा रोष हे अपयशाचे एकमेव कारण म्हणता येणार नाही. चित्रपट स्वभावतःच कडवट आहे आणि प्रेक्षकाला त्यात विसाव्याची जागा नाही. पण नव्या नावामुळे जत्रा पाहायला आलेल्या माणसाला आत जे मिळाले, ते फसवणुकीसारखे वाटले असल्यास नवल नाही. 'फाइव्ह स्टार फायनल'च्या शेवटी वृत्तपत्राचा अंक गटाराच्या कडेला चिखलात पडलेला दिसतो. त्या प्रेक्षकाला निदान असे एक दृश्य घरी नेता आले होते, ज्यात घाण दुसऱ्याची होती.

साधनांविषयी :

या विषयाच्या अभ्यासातील एक अडचण नोंदविणे आवश्यक आहे. व्यवस्थापकांच्या मोहिमांची जी वर्णने व्यावसायिक साप्ताहिकांत सापडतात, ती बहुधा त्या व्यवस्थापकांनीच पारितोषिकाच्या आशेने पाठविलेली असतात. प्रत्येक मोहीम यशस्वी, प्रत्येक लॉबी गजबजलेली. गर्दीचे हे आकडे चॅपमनच्या तबकडीइतकेच विश्वसनीय समजावेत. प्रेसबुक हीसुद्धा केवळ सूचनांची वही आहे. त्यातील कोणती सूचना कोणत्या गावात अमलात आली, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या त्या गावच्या दैनिकाचे जुने अंकच चाळावे लागतात. मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररीने ही व्यावसायिक साप्ताहिके विनामूल्य उपलब्ध करून दिल्यामुळे महाराष्ट्रातील महाविद्यालयीन अभ्यासकालाही निदान पहिली पायरी आता घरबसल्या चढता येते.

आपल्याकडील चित्रपटांच्या प्रसिद्धीचा अभ्यास करताना हीच दक्षता उपयोगी पडेल. पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) चित्रपटांच्या गाण्यांच्या चोपड्या, भित्तिपत्रके आणि छायाचित्रे जतन झाली आहेत. त्यांचा वापर बहुधा सजावटीसाठी किंवा तपशील पडताळण्यासाठी होतो. चोपडीतील कथासार कोणत्या वळणावर थांबविले आहे, गुन्हेगाराचे नाव झाकताना कोणता प्रश्न झाकला गेला आहे, आणि तीच जाहिरात त्या आठवड्याच्या दैनिकात कोणत्या बातमीशेजारी छापली गेली, हे पाहावयाचे असेल तर चोपडी आणि दैनिकाची जुनी फाईल एकाच टेबलावर उघडून बसावे लागेल.